चिंचेने घासलेला अंकुशी रुपया

मी तेव्हा कलकत्त्यात, बेहाल्यातल्या मुलींच्या एका शाळेत भूगोल शिकवत होते आणि हट्टी होते. शाळा सुटली, हट्ट अजून आहे. बाबा बँकेतल्या बदलीवर पुण्याहून कलकत्त्याला आले आणि इथलेच झाले. माझा जन्म इथलाच. पुणं मी लहानपणी दोनदा पाहिलं असेल. त्यामुळेच की काय, पुण्याच्या टांकसाळीतला जुना अंकुशी रुपया आपल्याकडे असायलाच हवा, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

एस्प्लनेडजवळच्या एका हॉलमध्ये नाणी जमवणाऱ्यांचं एक मंडळ दरवर्षी तीन दिवस प्रदर्शन भरवायचं. त्या वर्षी शेवटचा दिवस कालीपूजेचाच, म्हणजे दिवाळीच्या अमावास्येचा, आला होता. मंडळात एकही बाई नव्हती. बायकांना बंदी आहे असं नाही, कुणी अजून सभासदत्व मागितलंच नाही, असं तिथले सेक्रेटरी मला म्हणाले. मी म्हटलं, मी मागते आहे. नियम सोपा होता. एक नाणं आणायचं, ते किती झिजलं आहे त्यावरून त्याची प्रत, फाइन की त्याहून वरची व्हेरी फाइन, आपणच ठरवून चिठ्ठीवर लिहायची, आणि शेवटच्या दिवशी मंडळाचे वयस्कर परीक्षक भिंगाखाली ते तपासणार. प्रत बरोबर निघाली तर नाव सभासदांच्या वहीत. "नाणं साधं असलं तरी चालेल, नजर पाहिजे," सेक्रेटरी म्हणाले. नजर आहे, असं मी ठणकावून सांगितलं. नव्हती फारशी, पण पुस्तकं वाचून ठेवली होती.

पहिल्याच दिवशी एका मारवाडी व्यापाऱ्याच्या ट्रेमध्ये तो दिसला. काळपट, जाडसर, दोन्ही बाजूंना फारसी अक्षरं. पेशवाईतला रुपया, पण नाव दिल्लीच्या बादशहाचं. अक्षरांच्या मधे हत्तीला टोचायचा असतो तसा छोटासा अंकुश. ठसा मोठा आणि चांदीचा तुकडा लहान, म्हणून बहुतेक रुपयांवर तो अंकुश कडेला अर्धाच उमटतो. ह्याच्यावर अख्खा होता. चेहरा मी वर्गातला ठेवला.

"व्हेरी फाइन है, दीदी," व्यापारी म्हणाला.

"सिर्फ फाइन," मी म्हटलं. "यहाँ अक्षर घिसे हैं. और ये देखिए, सराफ का ठप्पा." जुने सराफ चांदी पारखून नाण्यावर अशी खूण मारायचे, आणि तेवढी नाण्याची किंमत उतरते.

त्याने स्वतःचं भिंग काढलं, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "आप मास्टरनी हैं?" मी हो म्हटलं. "तभी," तो म्हणाला, आणि फाइनच्या भावाला रुपया माझ्या हातात आला. शेजारी उभे असलेले सेक्रेटरी मला म्हणाले, हा वरचा काळा थर जपा, तो गेला की जुन्या नाण्यात काही राहत नाही.

मी तो काड्यापेटीत कापसावर ठेवला आणि काड्यापेटी देव्हाऱ्याखालच्या खणात, कारण घरात सगळ्यात सुरक्षित जागा तीच. "चांदीचा जुना रुपया आणलाय," एवढंच आईला सांगितलं आणि वह्या तपासायला बसले. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच.

तिसऱ्या दिवशी सकाळी काड्यापेटी उघडली तर आत रुपया नव्या चमच्यासारखा लखलखत होता.

"काळाकुट्ट होता गं," आई स्वयंपाकघरातून कौतुकाने म्हणाली. "काल चिंच लावून राखेने चांगला घासला. लक्ष्मीपूजनाला आणलास ना?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. शेजारच्या बंगाली घरांतली लक्ष्मीपूजा कोजागरीलाच होऊन गेली होती. कालीपूजेच्या दिवशी लक्ष्मी मांडणारं गल्लीत आमचंच घर, आणि त्यासाठी घरातली चांदी आई दरवर्षी घासायची. आधी नाणी, दुसऱ्या दिवशी भांडी. पण मला तेव्हा हे सुचलं नाही. "तुला विचारलं होतं कुणी?" मी ओरडले. "कळत नाही त्यात हात कशाला घालतेस? सगळं मातीत घातलंस." मी चहा न घेताच ट्राम पकडली.

हॉलमध्ये त्या व्यापाऱ्याने रुपया पाहिला आणि कपाळाला हात लावला. मग हळूच म्हणाला, "दो घंटे मेरे पास छोड़िए. गंधक से फिर काला कर दूँगा. कोई नहीं पहचानेगा."

"मैं तो पहचानूँगी," मी म्हटलं.

घरून लिहून आणलेली चिठ्ठी मी फाडली आणि दुसरी लिहिली. फाइन. एक सराफी ठसा. काल चिंच आणि राखेने घासला आहे, मूळचा थर पूर्ण गेला आहे.

परीक्षक धोतर नेसलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी रुपया उलटासुलटा केला. "दिदिमणी, हे नाणं बिघडलं आहे. मांडलंत कशाला? पुढच्या वर्षी दुसरं आणायचं."

"नियम प्रत बरोबर लिहायचा आहे," मी म्हटलं. "नाणं चांगलंच हवं, असं कुठे लिहिलेलं नाही. माझ्या चिठ्ठीत चूक असेल तर दाखवा." आवाज जरा चढलाच होता. आजूबाजूची मंडळी वळून पाहायला लागली, पण मी हलले नाही.

त्यांनी पुन्हा भिंग लावलं. मग म्हणाले, "चिंचेचं मला सांगता येणार नाही. बाकी सगळं बरोबर आहे." सेक्रेटरींनी वही उघडली. पानावर 'श्री' छापलेलं होतं. ते खोडून त्यांनी वर 'कुमारी' लिहिलं.

ट्रामभर मी मनातल्या मनात खूश होते. सकाळचं आठवलं ते घराच्या गल्लीत शिरल्यावर.

दिवेलागण झाली होती आणि कालीच्या मांडवात ढाक, तो मोठा बंगाली ढोल, वाजत होता. आईने पाट मांडला होता, लाह्या-बत्तासे काढले होते. पण तबक, निरांजन, करंडा, बाबांच्या मुंजीतली वाटी, सगळं काळं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"हे घासलं नाहीस?" मी विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "म्हटलं, ह्यातलंही काही बिघडायचं. तुला विचारूनच घासू."

टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. टोमणा नव्हता, ती खरंच घाबरली होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना. मी पदर खोचला, चिंच भिजवली, शेगडीतली राख चाळून घेतली आणि मोरीत बसले. आई दारात उभी राहून मला शिकवत होती, वाटीचा काठ जपून, निरांजनाच्या खाचेत कापूस घाल. सगळं चकचकीत होईपर्यंत मी उठले नाही.

पूजेला बसताना तिने विचारलं, "आणि तुझा तो रुपया? पाटावर ठेवलेला चालेल, की जपून ठेवायचाय?"

"मधोमध ठेव," मी म्हटलं. "तू घासलायस तो."