दिवा दिसतोय का

त्या दिवशी सकाळी भाऊजींनी आतून हाक मारली. "वहिनी, वर जाऊन आलात का?"

मी म्हणलं, "आता कशाला? तुम्ही इथं पांघरुणात पडलाय. मी वर जाऊन दिवा बघायचा आणि सांगायचं कुणाला?"

"मला सांगा."

"तुम्ही इथनं काय करणार?"

"काही नाही करणार. सांगा तर खरं."

गेले मग. गुडघे दुखतात माझे, कठडा धरून धरून गच्चीत गेले. थंडी होती पण कोरडी. वळणावरचा दिवा दिसत होता, खांब दिसत होता, खांबावरची पाटी पण दिसत होती. खाली येऊन सांगितलं, "दिसतोय."

"किती?"

"पूर्ण. पाटीसकट."

"मग झडपा उघड्या असतील," म्हणाले. "नाहीतर हवाच कोरडी असेल." आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

मला वाटलं डोळा लागला. दूध तापत ठेवलं होतं, माझं लक्ष नव्हतं, उतू गेलं. ओटा पुसत बसले. मग कप घेऊन गेले तर भाऊजी तसेच भिंतीकडे तोंड करून. मी दोनदा हाक मारली. डॉक्टर म्हणाले, छातीत कफ भरला होता, हृदयाला झेपलं नाही.

वन्सं, तुम्ही फोनवर विचारलंत की दादा शेवटचं काय बोलला. हे बोलले. तुमचं नाव नाही घेतलं, माझं नाही, देवाचं पण नाही. झडपा म्हणाले. तुम्हाला लागलं ते मला कळलं. फोनवर मला धड सांगता येत नाही, म्हणून लिहितेय. पोरांना पण वाचून दाखवा. त्यांना काका म्हणजे कोपऱ्यात बसून बातम्या बघणारा माणूस, एवढंच माहीत.

भाऊजी कूलिंग टॉवरवर होते हे सगळ्यांना माहीत आहे, पण म्हणजे काय ते कुणी विचारलं नाही. कारखान्यातलं गरम पाणी त्या टॉवरमध्ये वरून शॉवरसारखं पडतं. वरचा मोठा पंखा हवा ओढतो, पाणी गार होतं आणि वापरायला परत जातं. हवा जी वर निघते ती ओली आणि गरम. उन्हाळ्यात ती दिसत नाही. थंडीत तिचा पांढरा ढग होतो, आपल्या तोंडातून निघतो ना तसा, पण घराएवढा.

आमचे हे त्याला भावाची किटली म्हणायचे. सकाळी दारात उभं राहून, "धाकट्याची किटली उकळली बघ. एवढी वर्षं उकळतेय, मेल्यानं अजून एक कप चहा पाजला नाही." भाऊजी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. दोघं भाऊ म्हणजे एकाला तोंड दिलं आणि दुसऱ्याला कान. हे बसडेपोत मेकॅनिक, उजाडता उजाडता सायकलवर निघायचे, वळणावरून खाली. तुम्हाला ठाऊकच आहे, त्या वळणावरच.

त्या दिवशी हवा दमट होती आणि वारा टॉवरकडून होता. ढग वर गेलाच नाही, रस्त्यावर बसला. ट्रकवाल्याला सायकल दिसली नाही. भाऊजी तेव्हा टॉवरखालीच ड्यूटीवर होते. कुणीतरी ओरडत आलं की वळणावर माणूस पडलाय. भाऊजीसुद्धा मदतीला धावले. कोण पडलंय ते माहीत नव्हतं.

मी त्यांना कधी दोष दिला नाही वन्सं. तोंडानं सांगितलं पण. एकदा जेवताना म्हणलं, "भाऊजी, त्या ट्रकवाल्यानं दिवेच लावले नव्हते, लोक म्हणतात."

ते म्हणाले, "दिवे लावले होते वहिनी. दिसले नाहीत."

ताटावरून उठले नाहीत, जेवले सगळं, ताट विसळून ठेवलं. पण त्यानंतर ह्या विषयावर एक अक्षर नाही.

कारखान्यात मात्र ते साहेबांच्या दारात जाऊन उभे राहायला लागले. भांडण नाही, आरडाओरडा नाही. हेल्मेट हातात धरून नुसते उभे. साहेब म्हणायचे, "परत आलात?" भाऊजी म्हणायचे, "हो साहेब. वाफ रस्त्यावर येते." साहेब म्हणायचे, "अहो, ते पाणी आहे, विष नाही. वाफ बंद करायची तर कारखाना बंद करू का?" भाऊजी परत यायचे. आणि पुन्हा थंडी पडली की पुन्हा दारात. लोक त्यांना वाफेवाले म्हणायला लागले. सोबतच्यांनी सांगितलं मला हे, ते आत्ता भेटायला आले तेव्हा. भाऊजी स्वतः कशाला सांगतायत.

पुढे वळणावर आणखी दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या, कुणी गेलं नाही देवाची कृपा, पण बोंब झाली. मग कंपनीनं एका इंजिनिअर मॅडमना बोलावलं. त्या आपल्या घरी पण आल्या, आपल्या गच्चीतून टॉवर आणि वळण दोन्ही दिसतात म्हणून. फोटो काढले, मग स्वैपाकघरात चहाला बसल्या. मी विचारलं, वाफ घालवणार म्हणजे झाकण लावणार का? हसल्या नाहीत. नीट सांगितलं.

म्हणाल्या, "काकू, ओली हवा एकदम गारठ्यात गेली की तिच्या अंगातलं पाणी बाहेर पडतं, तोच ढग. त्याआधीच तिच्यात गरम कोरडी हवा मिसळली, तर ती पाणी अंगातच धरून ठेवते. मग दिसत नाही."

"आणि कोरडी गरम हवा आणायची कुठनं? आणखी जाळ करून?"

"जाळ कशाला? पाणी गरमच येतंय ना आत. ते खाली पडायच्या आधी नळ्यांतून फिरवायचं. नळ्यांना पातळ पत्र्याचे पंख बसवायचे, म्हणजे उष्णता पटकन बाहेर येते. त्यावरून बाहेरची हवा ओढायची. पाणी नळीच्या आत, हवा बाहेर. हवा तापते, पण पाण्याला शिवत नाही, म्हणून ओली होत नाही."

माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे दीर-भावजयीसारखं. एका घरात, पण मध्ये भिंत."

मॅडम खळखळून हसल्या. भाऊजी कपबशी तशीच ठेवून बाहेर गेले ते टॉवरवरच गेले, सुट्टी असून.

आमचे हे गेल्यावर लोक काय काय बोलले ते तुमच्याही कानावर आलंच असेल. विधवा भावजय, बिनलग्नाचा दीर. भाऊजींनी पलंग बाहेरच्या खोलीत टाकला, रस्त्याकडचं दार वापरायला लागले. स्वैपाकघरात यायच्या आधी खोकायचे. एवढी वर्षं, आपल्याच घरात, खोकून. त्यांचं लग्न करायला मी काय कमी खटपट केली? एका मुलीचे वडील घरी आले, विचारलं, काम काय करता. भाऊजी म्हणाले, "काही दिसू नये, ते बघतो." ते गृहस्थ म्हणाले, "मग पगार कशाचा मिळतो?" आणि गेले ते गेलेच.

तर त्या नळ्या बसल्या टॉवरच्या वरच्या अंगाला, दोन्ही बाजूंनी, खिडक्यांसारख्या झडपा लावून. झडपा उघडल्या की कोरडी हवा आत. आम्हाला वाटलं झालं काम. पहिल्याच थंडीत बघितलं तर कडेची वाफ गेली आणि मधली राहिली, लांब शेपटीसारखी. मॅडम परत आल्या. म्हणाल्या, दोन्ही हवा शेजारी शेजारी वर जातायत, एकमेकींत मिसळत नाहीत. साखर घातली पण ढवळलीच नाही. मग आत तिरके पत्रे ठोकले, की दोन्ही हवा एकमेकींवर आपटून मिसळाव्यात. तेव्हा शेपटी गेली.

आणि मग आमच्या भाऊजींनी घोळ घातला. थोडीसुद्धा वाफ दिसू नये म्हणून कोरड्या बाजूच्या सगळ्या झडपा सताड उघडून टाकल्या, आणि दुपारी ऊन तापलं तरी तशाच ठेवल्या. सगळी हवा तिकडनं यायला लागली, ओल्या बाजूला हवाच पुरेना, पाणी गार होईना, आत मशीन बंद पडलं. मोठे साहेब टॉवरखाली येऊन ओरडले. मॅडमनी पण सुनावलं. "काका, लागेल तेवढंच उघडायचं. औषध आहे ते, जेवण नाही."

भाऊजी म्हणाले, "लागेल तेवढं म्हणजे किती? खालून मला काही दिसत नाही. डोक्यावर सगळं पांढरंच."

हे खरं होतं. टॉवरखाली उभ्या माणसाला वाफ रस्त्यावर चाललीय की आभाळात, कळत नाही. मॅडम म्हणाल्या, लांबून कुणीतरी बघायला पाहिजे. तेव्हा म्हणे भाऊजी म्हणाले, "आमच्या वहिनी आहेत."

तेव्हापासून चालू झालं ते. थंडीच्या दिवसांत ते ड्यूटीवर पोचले की फोन.

"वहिनी, दिवा दिसतोय का?"

"दिवा दिसतोय. पाटी नाही."

"बरं." मग खडखड आवाज, झडपांची मोटर. मी गच्चीत शाल गुंडाळून उभी. जरा वेळानं, "आता?"

"पाटी पण आली."

"ठेवतो."

बस. एवढंच बोलणं. शेजारची मला म्हणाली, "रोज सकाळी गच्चीत उभी राहून कुणाशी गं बोलतेस?"

"दिराशी."

"तो तर संध्याकाळी घरीच येतो की!"

"घरी आल्यावर बोलत नाही ना तो."

ती खो खो हसली, मीपण हसले. पण खरंच होतं ते. घरी आले की जेवण, बातम्या, झोप. मी काही सांगितलं तर हं. भाजीत मीठ जास्त झालं तरी हं. उन्हाळ्यात वाफ दिसत नाही, त्यामुळे फोन पण नाही. बाकीच्यांना उन्हाळा उकाड्यानं नको वाटतो. मला तो फार लांब वाटायचा. शाल धुऊन घडी करून वरच्याच कप्प्यात ठेवायचे, हाताशी.

आणि वन्सं, त्यानंतर त्या वळणावर काही झालं नाही. भाऊजी गेले तोवर काही म्हणता काही नाही. लोक विसरून गेले की तिथं कधी ढग यायचा. नवीन भाडेकरूंना तर तो टॉवर आहे हेही माहीत नाही.

भाऊजी गेल्यावर सोबतचे लोक आले, बसले, चहा घेतला. मी विचारलं, आता टॉवरवर कोण? म्हणाले, दुसऱ्या प्लांटमधून एक जण आलाय, अनुभवी आहे. मी पुढं काही विचारलं नाही. त्यानंतर बरेच दिवस हवा उबदार होती. घर एवढं शांत की फ्रीज चालू झाला तरी मी दचकायचे. बाहेरच्या खोलीतला पलंग अजून तसाच आहे, चादर बदलली फक्त. स्वैपाकघरात असले की अधूनमधून कान दाराकडे जातो, खोकल्याची वाट बघतो मेला.

परवा गारठा पडला. जाग आली, सवयीनं शाल घेतली आणि वर गेले. जायचं काही कारण नव्हतं.

वळणच नव्हतं. दिवा नाही, खांब नाही, नुसता कापूस पसरलेला. आतून कुठनंतरी सायकलची घंटी ऐकू आली. खाली धावावं तर गुडघे असे. मोबाईल शालीच्या गाठीत होता. त्यात नंबर आहे, भाऊजी टॉवर नावानं, तिथल्या केबिनचा. लावला.

"कोण?" जाडा आवाज, माणूस वयानं मोठा वाटला.

"अहो, वळणावरचा दिवा दिसत नाहीये."

"बाई, हा कारखाना आहे. दिवा बंद असेल तर नगरपालिकेला सांगा."

"दिवा चालू आहे! तुमच्या वाफेत गेलाय. कोरड्या बाजूच्या झडपा उघडा आधी."

तो म्हणाला, "पंखा वीज जास्त खातो म्हणून बंद ठेवायला सांगितल्यात. आणि मला इथनं तर सगळं ठीक दिसतंय."

"तिथनं कधीच दिसत नाही. उघडा हो, सायकलवाला आहे आत!"

"तुम्ही कोण बोलताय?"

काय सांगणार? "वहिनी," म्हणलं.

"कुणाच्या?"

मी वळणाकडेच बघत होते. फोन कानाला तसाच. मग पलीकडून खडखड आवाज आला. ओळखीचा आवाज, झडपांची मोटर. मी कठडा धरून उभी राहिले. बराच वेळ पांढरंच. मग आधी दिवा आला, धुरकट पिवळा. मग खांब.

"आता?" तो म्हणाला.

"दिवा आला. पाटी नाही."

"बरं." पुन्हा खडखड.

पाटी दिसली. तिच्याखालून सायकलवाला बाहेर आला, कानाला मफलर, घंटी अजून वाजवतोय. आपल्या गल्लीतला नव्हता. निघून गेला खाली.

मी म्हणलं, "पाटी पण आली."

"बरं," तो म्हणाला. मी फोन ठेवणार, तेवढ्यात म्हणाला, "उद्या पण गार आहे म्हणतात. फोन जवळ ठेवा, वहिनी."