माझ्या खांद्याचे अपहरण

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. पाचगणीच्या बाजूच्या एका गावात मी मराठी शिकवत होते. आमची संस्था छोटी होती, चार शाळांची, आणि तिचं कार्यालय सांगलीत एका कापडदुकानाच्या माडीवर होतं. माझं घर तासगावला. शाळेसाठी मी वाईत एक खोली घेऊन राहत होते आणि रोज सकाळी एसटीचा वरचा दांडा धरून, उभ्यानं घाट चढत होते.

त्या पावसाळ्यात शाळेच्या पायरीवर शेवाळावरून पाय सटकला. हातात वह्यांचा गठ्ठा होता. तो सोडायचं सुचलं नाही आणि मी सगळी उजव्या खांद्यावर पडले. हाड मोडलं. सांगलीच्या डॉक्टरांनी सहा आठवडे हात गळ्यात बांधून ठेवला. सोडला तेव्हा तो बाजूनं वर उचलेचना. फळ्यावर लिहायचं तर डाव्या हातानं उजव्या कोपराला टेकू द्यावा लागे. वर्गातली पोरं एरवी कशालाही हसायची, पण याला हसत नव्हती. तेच मला जास्त लागायचं.

संस्थेच्या उंब्रजच्या शाळेत बदली मिळाली तर घाट टळेल, शाळेशेजारीच खोली घेता येईल, घरही जवळ पडेल, असा विचार करून मी संक्रांतीच्या सुमारास अर्ज केला. डॉक्टरांनी इंग्रजीत दाखला दिला. त्यात एक वाक्य होतं, उजव्या खांद्याचं ॲबडक्शन साठ अंशांपर्यंतच होतं, अशा अर्थाचं.

कार्यालयातले हेडक्लार्क म्हणाले, "बाई, फाइलला मराठी प्रत लागते."

"मी करून देते की. मराठीचीच शिक्षिका आहे."

"स्वतःच्या कागदाचं भाषांतर स्वतः करता येत नाही. आम्ही करतो."

त्यांनी ते केलं. पंधरा दिवसांनी माझ्या हातात टंकलेली प्रत आली. तिच्यात लिहिलं होतं: 'सदर शिक्षिकेच्या उजव्या खांद्याचे अपहरण साठ अंशांपर्यंत झालेले आहे.' सोबत कार्यालयाचं पत्र होतं. अपहरणाबाबत पोलिसांत तक्रार दिली होती काय, दिली असल्यास प्रत जोडावी, नसल्यास तसा दाखला आणावा.

मी आधी हसले. वाटलं, तोंडी सांगितलं की दुरुस्त होईल. शनिवारी अर्धी रजा टाकून मी सांगलीला गेले. हेडक्लार्कनी कपाटातून जाडजूड शब्दकोश काढला आणि पान उघडून माझ्यासमोर सरकवलं.

"बघा. ॲबडक्शन. अपहरण, पळवून नेणे. आम्ही मनानं काही लिहीत नाही."

"साहेब, हात अंगापासून बाजूला नेण्यालाही इंग्रजीत तोच शब्द आहे. डॉक्टरांचा अर्थ तो आहे. खांदा कोण पळवून नेईल?"

"ते आम्हाला कसं कळणार? कोशात एकच अर्थ दिलाय. तुम्ही तज्ज्ञाकडून लिहून आणा."

मग डॉक्टर. दवाखान्यात दोन तास बसल्यावर नंबर लागला. त्यांनी माझा हात धरून बाजूनं हळूहळू उचलला. मी कळवळल्यावर थांबले आणि म्हणाले, "हे ॲबडक्शन. याला मराठीत काय म्हणतात ते मला नका विचारू. मी सगळं इंग्रजीतून शिकलोय." इंग्रजीत आणखी एक चिठ्ठी द्यायची त्यांची तयारी होती. तिचंही भाषांतर कार्यालयच करणार होतं, म्हणून मी ती घेतली नाही.

सांगलीतच आमचे तर्कशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक राहत. कॉलेजात मी त्यांची विद्यार्थिनी होते. त्यांना सगळं सांगितलं तर ते खूश झाले. "अगं, आमच्याही शास्त्रात हा शब्द आहे! समोर जे दिसतं, त्यावरून त्याचं कारण काय असावं याचा सगळ्यात पटेल असा अंदाज बांधायचा. अंगण ओलं दिसलं की आपण म्हणतो, सडा टाकला असणार. पण खात्री नसते हो. कदाचित कुणाची घागर लवंडली असेल." पाऊण तास ते हेच समजावत होते. माझा खांदा ठणकत होता. शेवटी त्यांनी एका पारिभाषिक कोशातून हात बाजूला नेण्याला 'अपवर्तन' असा शब्द शोधला आणि सुवाच्य अक्षरात पत्र लिहून दिलं.

हेडक्लार्कनी पत्र दोनदा वाचलं. "सर मोठे आहेत. पण ते हाडांचे तज्ज्ञ नाहीत."

मला ओरडावंसं वाटलं. हाडं कळणाऱ्याला मराठी येत नव्हतं, मराठी येणाऱ्याला हाडं कळत नव्हती, आणि ज्याला यातलं काहीच कळत नव्हतं त्याच्या हातात शिक्का होता. "मग मी काय करू?" असं मी विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "पोलिसांचा दाखला आणा. विषय संपेल."

मी तासगावच्या पोलीस ठाण्यात गेले. आयुष्यात पहिल्यांदा. टेबलामागच्या हवालदारांनी कागद वाचला, माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "ताई, तुमास्नी कुणी पळवून न्हेलं हुतं का? घाबरू नगा. सांगा."

मी हात उचलून दाखवला. जेवढा गेला तेवढाच.

"आसं व्हय!" त्यांनी कपाळावर हात मारला. "म्हंजी हात वर जात न्हाई, एवढंच. आवं मग तसंच लिहायचं की सरळ! पन ताई, दाखला न्हाई देता येत. गुन्हा घडला तर त्याचा कागद हुतो. घडलाच न्हाई त्याचा काय लिहू?"

एवढ्या दिवसांत मला समजून घेणारा तो पहिला माणूस होता, आणि त्याच्याकडूनही मी रिकाम्या हातानं परतले.

आमच्या भावकीतल्या कुणीतरी मला ठाण्यातून बाहेर पडताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बेदाण्याच्या शेडवर वडिलांचा डबा घेऊन गेले. जाळ्यांवर द्राक्षं पसरून बायका जेवायला गेल्या होत्या. अण्णांनी डबा उघडला नाही. बनियनच्या खिशातून त्यांनी घडी घातलेला कागद काढला. घरात टेबलावर राहिलेली ती मराठी प्रत.

"पोरी," ते म्हणाले, "तिकडं डोंगरात तुज्यासंगं काय झालं हुतं का? पडले म्हनून आमाला सांगितलंस."

मला क्षणभर काही कळलंच नाही. मग कळलं. मी मोडका हात घेऊन घरी आले होते, गप्प गप्प होते, परत त्या गावी जायचं नाही म्हणत होते, ठाण्याची पायरी चढले होते. त्यात हा शिक्क्याचा कागद. त्यांनी अंदाज बांधला होता. सगळ्यात पटेल असा.

"अण्णा, मी पडले. पायरीवरून पडले. हे भाषांतर चुकलंय."

"सरकारी शिक्का हाय त्याच्यावर."

"सरकारी नाही, संस्थेचा आहे! एका माणसानं शब्दकोश बघून लिहिलंय!" मी रडायला लागले ती रागानं. पण रडणं दिसतं, राग दिसत नाही. अण्णा माझ्या पाठीवर हात ठेवायला पुढं झाले आणि अर्ध्यावर थांबले. दुखऱ्या खांद्यामुळं थांबले की दुसऱ्या कशामुळं, ते मी आजही सांगू शकत नाही.

"बरं," ते म्हणाले. "तू म्हनतीस तर तसंच." आणि डबा उघडला.

तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मी मात्र काढत राहिले. जेवताना, पाणी देताना, पायरीवरचं शेवाळ, वह्यांचा गठ्ठा, सगळं पुन्हा पुन्हा सांगत राहिले. ते दर वेळी "व्हय व्हय" म्हणायचे. जितकं जास्त सांगावं तितकं ते खोटं वाटतंय, हे माझ्या ध्यानात यायचं आणि तरी माझं तोंड थांबायचं नाही. आईनं एकदा मला आत बोलावून म्हटलं, "आता पुरे गं. त्यांचा ईस्वास हाय." मला विश्वास नकोच होता. त्यांना ते नुसतं माहीत असायला हवं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत उंब्रजच्या शाळेतले मराठीचे गुरुजी निवृत्त झाले. जूनमध्ये मला तिथली ऑर्डर मिळाली. कारण लिहिलं होतं, 'प्रशासकीय सोय'. माझ्या अर्जाचा, खांद्याचा कुठं उल्लेख नव्हता. तोवर रोजच्या व्यायामानं हात बराचसा वर जायला लागला होता.

रुजू होण्याआधी मी सांगलीला गेले आणि ती मराठी प्रत फाइलमधून काढून टाका, अशी विनंती केली. हेडक्लार्कनी फाइल उघडून मला पान दाखवलं. वर आवक क्रमांक, खाली शिक्का.

"नोंद झालेला कागद काढता येत नाही, बाई," ते म्हणाले. "आणि आता तुमची बदली झालीच आहे की."