डेटातून गाळलेले मासे

“माझे मासे कुठे गेले?” रोसानं विचारलं, तेव्हा मी डेस्कवरच पोळीभाजी खात होते. रोसा आमच्या प्रोजेक्टवरची जीवशास्त्रज्ञ, मूळची बोलिव्हियाची; नमुन्याचे मासे नदीवर जाऊन तिनंच पकडले होते. मी पुण्याची, झुइडास या डच ऑफिसवस्तीतल्या एका कन्सल्टन्सीत डेटा ॲनालिस्ट. ॲमेझॉनच्या एका उपनदीवर धरण होणार होतं. त्यात पैसे घालावेत का, हे एक बँक आमच्या रिपोर्टवरून ठरवणार होती.

प्रश्न डोराडो नावाच्या मोठ्या कॅटफिशचा होता. माशाच्या कानात बारीकसा खडा असतो. तो थराथरानं वाढतो आणि मासा कुठकुठल्या पाण्यात राहिला, ते त्या थरांवरून कळतं. ते आकडे मी ‘क्लीन’ केले होते, म्हणजे चुकीच्या वाटणाऱ्या नोंदी काढून टाकल्या होत्या. एकाच खड्यात डोंगरातलं पाणी आणि समुद्राजवळचंही? छे, मशीनच बिघडलं असणार! असले सगळे मासे मी गाळले. उरलेल्यांवरून लिहून मोकळी झाले, की हा मासा फारसा हलत नाही.

“मशीन ठणठणीत आहे,” रोसा म्हणाली. “हा जन्मतो अँडीजच्या पायथ्याशी. पिल्लं वाहत वाहत नदीच्या मुखापर्यंत जातात आणि मोठी झाली की अंडी घालायला हजारो किलोमीटर उलटी पोहत येतात.”

“पण धरणाला माशांसाठी जिना करतात ना?”

“चढेल एखादा. पिल्लं खाली कशी येणार? साचलेल्या पाण्यात ती वाहतच नाहीत, मरतात.”

माझा व्हिसा नोकरीवर अवलंबून, आणि ड्राफ्ट बँकेकडे गेलेला. गुपचूप आकडे बदलावेत, असंही मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोलू?

शेवटी बॉसकडे गेले. मारायका पक्की डच, जे काही ते तोंडावर. पुण्यातल्या माझ्या जुन्या साहेबांनी आधी झाप झाप झापलं असतं आणि मग ‘मायनर करेक्शन’ म्हणून झाकपाक केली असती. ही शांतपणे म्हणाली, “बँकेला फोन तू कर. चूक तुझी आहे, तूच नीट समजावशील.”

सगळं ऐकून बँकेच्या माणसानं विचारलं, “म्हणजे ज्या माशांत उत्तर होतं, तेच तुम्ही काढले?”

“हो,” म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

नवा रिपोर्ट गेला आणि बँकेनं अंग काढून घेतलं. धरण मात्र थांबलं नाही, दुसरा कोणी पैसेवाला मिळाला म्हणे. नोकरी राहिली माझी, पण त्या माशाचं अजून वाईट वाटतं. आता एखादा आकडा वेडावाकडा दिसला, की ज्यानं तो मासा पाण्यातून बाहेर काढला त्याला आधी विचारते. क्लीनिंग नंतर.