आमच्या हौदावरची ताडपत्री

आधी माझा गाढवपणा सांगते. म्हणजे पुढचं वाचून ‘म्हातारी बाता मारतेय’ असं वाटलं, तरी ती स्वतःलाही सोडत नाही एवढं तरी मान्य कराल.

आमच्या ह्यांनी कळंब्याच्या घरामागं पोहायचा हौद बांधला. मुलगी त्याला पूल म्हणते. वीस बाय दहा, खोल टोकाला सहा फूट. त्यावरचं कव्हर निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी साठीची होते, म्हणजे अक्कल अजून यायची होती. दुकानदारानं दोन प्रकार दाखवले. एक जाड, करडं, काठाला हुकांनी ताणून बांधायचं. दुसरं निळं, बुडबुड्यांचं, पाण्यावर नुसतं पसरायचं. मी निळं घेतलं... पडद्यांना मॅच होत होतं म्हणून!

आठव्या दिवशी आमचा कुत्रा बंड्या ते जमीन समजून त्यावर चालत गेला. प्लास्टिक त्याच्याभोवती गुंडाळलं. ह्यांनी उडी मारून त्याला बाहेर काढलं, पण उशीर झाला होता. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडले तरी असते.

मग शिरोलीहून ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे रफिकभाई आले. ते निळं प्लास्टिक चिमटीत धरून म्हणाले, “वहिनी, हे झाकण न्हाय, पाण्याची गोधडी हाय. ऊब धरतंय, वजन न्हाय धरत.”

त्यांनी जाड ताडपत्री शिवून दिली, काठाला बावीस हुक बसवले. तेव्हापासून ती ताडपत्री म्हणजे माझी सवतच. पाऊस झाला की वर साचलेलं पाणी उपसायचं, पाला झाडायचा, महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्यानं धुवायची, ओली कधी घडी करायची नाही. सगळं हेच करायचे. एका कोपऱ्याची कडी तुटली होती, तिथं हुकाऐवजी दोरी बांधायचे. हे डावखुरे, त्यामुळे गाठ उलटी बसायची. मला ती मारता तर यायची नाहीच, सोडवतानाही मी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

मागच्या पावसाळ्यात हे गेले. हार्ट.

रोज सकाळी हे पोहायचे आणि मी काठावर चहा घेत त्यांच्या फेऱ्या मोजायची. मुद्दाम दोन कमी सांगायची. ते गेल्यावरही माझी सवय सुटेना. सकाळी अर्धी ताडपत्री मागं ओढायची आणि पाण्याकडे बघत बसायचं. उघडायला एक माणूस पुरतं, झाकायला मात्र दोन लागतात... दोन काठांवर एकेक. नाहीतर मधला भाग पाण्यात बुडून म्हशीसारखा जड होतो. नऊला कामाच्या शांताबाई आल्या की आम्ही दोघी मिळून झाकायचो; कोपऱ्यातल्या दोरीला त्या साधी, सरळ गाठ मारायच्या.

मे महिन्यात माधवी, माझी मुलगी, पाच वर्षांच्या रेवाला माझ्याकडे सोडून गेली. जाताना तिनं तीनदा विचारलं, “आई, पूल झाकलेला असतो ना?”

“असतो की गं बाई,” मी म्हटलं.

चौथ्या दिवशी शांताबाई आल्याच नाहीत. दहा वाजले, अकरा वाजले. म्हटलं, राहू दे अर्धी उघडी, माझं लक्ष आहेच. दुपारी रेवाला शेजारी घेऊन गोष्ट सांगत होते आणि तिच्या आधी मीच झोपले.

जाग आली तेव्हा पावणेचार झाले होते. अंथरुणात रेवा नाही. मागचं दार उघडं.

मी कशी धावले ते मला आठवत नाही. हौद पूर्ण झाकलेला होता. ताडपत्री ढोलासारखी ताणलेली, आणि बरोबर मधोमध रेवा भातुकली मांडून बसली होती. तिच्याखाली पाणी.

“आजी, चप्पल काढून ये,” ती म्हणाली.

“कुणी झाकलं गं हे?”

“झाकलेलंच होतं.”

तिला उचलून घेतलं, मग कोपऱ्याकडे बघितलं. दोरी बांधलेली होती. गाठ उलटी.

गेटला आतून कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. संध्याकाळी शांताबाईंना फोन केला. “आजी, मी तर सकाळधरनं हुपरीला हाय. भाचीचं लगीन हाय की,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी रफिकभाईंना बोलावलं. त्यांनी गाठीला हात लावला नाही, नुसते उकिडवे बसून बघत राहिले. मग म्हणाले, “माझी न्हाय. मी उजव्या हातानं मारतोय.”

मी भुतंखेतं मानत नाही. मानणाऱ्यांची आयुष्यभर टिंगल केली. मीच झोपेत झाकलं म्हणावं, तर एकटीनं करून बघितलं... अर्ध्यावरच ताडपत्री पाण्यात गेली. कुणी भिंतीवरून आलं म्हणावं, तर ते झाकून गाठ मारून का जाईल?

रफिकभाई येऊन गेले त्याच संध्याकाळी माधवी आली. मी तिला सगळं सांगितलं. खरं सांगते, सांगताना मला आत कुठंतरी आनंद होत होता. वाटलं, ती रडेल, बाबांची आठवण काढेल, आम्ही दोघी मिळून रडू. तिनं रेवाची बॅग भरली, तिला गाडीत बसवलं, दार लावलं. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली,

“आई, कुणी झाकलं ते मला नको सांगूस. उघडं कुणी ठेवलं होतं?”