दुधाच्या पिशव्या आणि बिल्डिंगचे लॅपटॉप

आमच्या बोरीवलीच्या बिल्डिंगमध्ये दुधाच्या पिशव्या फुटायला लागल्या, तेव्हा पहिला संशय दूधवाल्यावर गेला. सकाळी दाराला अडकवलेल्या कापडी पिशवीत हात घालावा तर आतली दुधाची पिशवी फाटलेली आणि खालचं पायपुसणं ओलं. दूधवाल्याने हात वर केले. मग पिशव्यांवर दातांच्या खुणा दिसल्या आणि संशय चौथ्या मजल्यावरच्या कुत्र्यावर गेला. त्याच्या मालकिणीने रागाने सोसायटीच्या मीटिंगला येणंच बंद केलं.

आमच्या प्रत्येक मजल्यावर कॅमेरा आहे. महिन्याभराचं चित्रण बघा, चोर सापडेल, असं सेक्रेटरीबाईंनी सुचवलं. पण बघायचं कोणी? जिन्यात कोण कधी येतं, कोणाबरोबर येतं, घरी डाएट सांगून वडापावचा पुडा संपवत कोण चढतं, हे सगळं त्यात होतं. चोर सापडलाच पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत होतं, आणि चित्रण शेजाऱ्याने बघता कामा नये यावरही.

मी मालाडला एका ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम करते, त्यामुळे बिल्डिंगमध्ये कोणाचा प्रिंटर रुसला तरी मलाच हाक येते. मी म्हटलं, माणसाने बघायचंच नाही. चित्रात जनावर दिसतंय का, एवढंच ओळखणारा प्रोग्रॅम आपण लावू. पण सगळ्या मजल्यांचं एवढं चित्रण माझा एकटीचा लॅपटॉप चघळत बसला असता तर तोवर गणपती येऊन गेले असते. इंटरनेटवर मोठी मशीनं भाड्याने मिळतात, पण आपला जिना बाहेरच्या कोणाच्या मशीनवर चढवायला एकही जण तयार होईना.

मग एकच मार्ग उरला. घरोघरी लॅपटॉप दिवसभर रिकामे पडलेले असतात, त्यांच्यात काम वाटून टाकायचं. चित्रणाचे बारीक तुकडे करायचे आणि कुलूप लावून एकेका लॅपटॉपला पाठवायचे. ते कुलूप फक्त प्रोग्रॅम उघडणार. जनावरासारखं काही दिसलं तर तेवढाच चौकोन कापून दाखवणार आणि बाकीचं पुसून टाकणार.

"आणि कोणाचं मशीन यात घ्यायचं, ते कोण ठरवणार?" तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं.

काका ट्रॉम्ब्याच्या अणुकेंद्रातल्या नोकरीतून निवृत्त झालेले. गेटवर पास दाखवल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय. भटक्या मांजरांना आणि कबुतरांना खायला घालू नये, ही खालच्या फळ्यावरची नोटीसही त्यांच्याच हातची. प्रश्न विचारला त्यांनी आणि काम आलं त्यांच्याच गळ्यात. तसे ते मनातून खूश झालेले दिसले.

रविवारी काकांच्या डायनिंग टेबलावर भरती सुरू झाली. लॅपटॉप घेऊन मालकाने स्वतः यायचं, पोरांना पाठवलेलं चालणार नाही. नव्या लॅपटॉपवर आणि माझ्या लॅपटॉपवर एकच आकडा उमटायचा. तो मालकाने मोठ्याने वाचायचा आणि काकांनी मान डोलवायची, की ते मशीन आपल्यातलं. सेक्रेटरीबाईंच्या लॅपटॉपमध्ये फुकट सिनेमांच्या साइटवरून आलेले व्हायरस निघाले. काकांनी तो दारातूनच परत पाठवला, साफ करून आणा म्हणाले. बाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, मग साफ केलेला लॅपटॉप घेऊन आल्या आणि यादीत बसल्या.

वर काकांनी आणखी एक नियम घातला. प्रत्येक तुकडा दोन वेगळ्या घरांतल्या मशीनच्या ठरलेल्या जोडीवर जायचा, जोडीदार कोण ते मात्र मालकांना सांगायचं नाही. दोघांचं उत्तर जुळलं तरच खरं मानायचं. मी तो मुकाट्याने मान्य केला, कारण नियम चांगला होता.

प्रोग्रॅम मात्र जरा भोळा निघाला. कोणाची केसाळ चप्पल, जिन्यात ठेवलेलं कलिंगड, काहीही त्याला जनावर वाटायचं. म्हणून शेवटचा निर्णय माणसावर सोडला. स्क्रीनवर चौकोन आला की मालकाने बघायचं आणि 'हो' किंवा 'नाही' दाबायचं.

आमच्याकडे हे काम सासूबाईंनी घेतलं. दुपारची सीरियल सोडून त्या लॅपटॉपसमोर बसायला लागल्या. एकदा त्यांना इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले. कोणीतरी जिन्यात रांगत किल्ली शोधत होतं आणि प्रोग्रॅमने त्याला अस्वल ठरवलं होतं. सदऱ्यावरून सासूबाईंनी माणूस ओळखला, पण शेवटपर्यंत मला नाव सांगितलं नाही. 'नाही' दाबलं आणि म्हणाल्या, विश्वासाने दिलेलं काम आहे. ज्या बाईला गावातल्या तीन पिढ्यांच्या भानगडी पाठ आहेत, तिच्या तोंडचं हे वाक्य ऐकून मी थक्क झाले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरातून ओढत आणलं. स्क्रीनवर लांब शेपटीचं, डोळ्यांशी काळं काहीतरी दारावरच्या पिशवीत तोंड घालून उभं होतं.

"ह्यां मांजर न्हय गो," त्या म्हणाल्या. "ह्यां उदमांजर. आमच्या माडार चढायचां."

कोकणात माडावर चढणारं, रात्री हिंडणारं जनावर, एवढं मला समजावून त्यांनी आनंदाने 'हो' दाबलं. असे बरेच 'हो' झाले, बहुतेक तिसऱ्या मजल्यावरचे. मी माझ्या लॅपटॉपवर दुसऱ्या मशीनची उत्तरं जुळवायला घेतली, तर त्याच तुकड्यांवर दुसरीकडून सरळ 'नाही' आलेलं. एकदा चूक समजू शकते. पण इथे प्रत्येक वेळी 'नाही'. आमच्या जोडीचा लॅपटॉप काकांचा होता.

मला आधी वाटलं, प्रोग्रॅमची वाट लागली. सगळं पुन्हा तपासलं. मग चहाच्या वेळी तिसऱ्या मजल्यावर गेले. काकू पुण्याला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. काकांनी चहा टाकला, बशीत खारी ठेवली आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "जुळलं नाही ना?"

"नाही जुळलं, काका."

"दोन मशीनांचा नियम मीच घातला होता," ते म्हणाले. "दुसरं मशीन तुझ्या सासूचं निघेल असं वाटलं नव्हतं. तिला फसवणं कठीण."

मग हळूहळू सगळं सांगितलं. काकू गेल्यावर घर सुनं झालं होतं. एका संध्याकाळी ते उदमांजर मागच्या आंब्यावरून जिन्याच्या खिडकीत येऊन बसलं. काकांनी त्याला केळं दिलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आलं. पुढे केळं खाऊन झालं की ते स्वतःच मजलेच्या मजले फिरून दुधाचा समाचार घ्यायला लागलं. चोर कोण ते काकांना पहिल्यापासून ठाऊक होतं. पण कळलं तर लोक पिंजरा लावतील, या धास्तीने ते गप्प राहिले. नोटीस आपल्याच हातची, याची लाज होती ती वेगळीच.

मी म्हटलं, उत्तर जुळलं नाही की तुकडा तिसऱ्या मशीनवर जातो, आणि ते मशीन सेक्रेटरीबाईंचं आहे. काकांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "त्यांनी सांगण्यापेक्षा मीच सांगतो."

पुढच्या मीटिंगमध्ये ते उभे राहिले आणि सगळं कबूल केलं. सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडतील असं मला वाटत होतं, पण लोक हसायला लागले. ते हसणं ओसरल्यावर त्या दिवशी मुद्दाम कुत्र्याला घेऊन आलेल्या चौथ्या मजल्यावरच्या मालकिणीने काकांना त्याची माफी मागायला लावली. काकांनी खरंच खाली वाकून त्याचं डोकं थोपटलं. सेक्रेटरीबाईंनी वनखात्याला फोन लावला. तिथल्या माणसाने सांगितलं की हे जनावर इथलंच आहे, त्याला खायला घालू नका आणि खिडकीला जाळी लावा. जाळी लागली. दुधासाठी दारोदार झाकणाचे डबे आले. उदमांजर आंब्यावरच राहिलं, अजून कधीकधी दिसतं.

चित्रणाचे सगळे तुकडे आम्ही पुसून टाकले. उदमांजराचं एक चित्र तेवढं सगळ्यांना विचारून बिल्डिंगच्या ग्रुपवर ठेवलं. पुण्याहून परतल्यावर काकूंनी मला चहाला बोलावलं आणि ते चित्र चष्मा लावून नीट पाहिलं.

"केळं कशाला दिलंत?" त्या काकांना म्हणाल्या. "त्याला पपई आवडते. मी गेली कित्येक वर्षं देतेय."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खारीचा तुकडा चहात बुडवला आणि काही ऐकलंच नाही असं दाखवलं.