साहेबांनी कर्नल बारीक केलं

साहेबांचा जाडेपणावर भारी राग. स्वतः उकडलेल्या भाज्यांवर जगत आणि घरादारालाही जगवत.

ते मॅनेजर असलेली कंपनी लिफ्ट चालवणारे छोटे संगणक बनवायची. एकदा त्यांना त्यातल्या कर्नलची, म्हणजे सगळा कारभार हाकणाऱ्या गाभ्याची, फाईल दिसली. अवाढव्य!

"म्हणूनच लिफ्ट रेंगाळते," साहेब म्हणाले.

"नाही हो," कर्नल सांभाळणाऱ्या ताई म्हणाल्या. "त्यात बहुतेक डिबग सिम्बॉल आहेत, म्हणजे बिघाड शोधायच्या खुणा. कोडच्या कोणत्या पत्त्यावर कोणतं फंक्शन, कितवी ओळ. डिस्कवर नुसते पडून असतात, चालताना मेमरीत येतच नाहीत. काढू हवं तर, पण एक प्रत जपून ठेवू."

"अडगळीची प्रत? पुसा! सगळीकडून."

फाईलचा जेमतेम दहावा हिस्सा उरला. लिफ्ट होती तशीच चालली. पण साहेबांनी एक फेरी मारून "काय फरक पडलाय!" म्हटल्यावर नाही म्हणायची कोणाची बिशाद? हिशेबनीस तर म्हणाला, इतका वेग की कानात वारं शिरलं.

मोठं गिऱ्हाईक पाहणीला येणार होतं. सौदा जमला की साहेब संचालक. आदल्या दुपारी ते तालमीसाठी लिफ्टमध्ये शिरले आणि दोन मजल्यांच्या मधोमध कर्नलने मान टाकली.

"ताई! काय बिघडलंय?" आतून आरोळी आली.

"स्क्रीनवर नुसते पत्ते आलेत, साहेब. नाव एकाचंही नाही. आता सिम्बॉल ठेवून तेच कर्नल पुन्हा बांधते. पत्ते जुळले तर कुठे बिघडलं ते कळेल. संध्याकाळ होईल."

"तोवर मी इथेच? हाताने लिफ्ट उतरवणारा मेकॅनिक कुठाय?"

"त्याला तुम्ही गेल्या महिन्यात काढलंत ना. जास्तीचा म्हणून."

तेवढ्यात आत साहेबांचा फोन वाजला. "येताय ना जेवायला?" बायको विचारत होती. "दुधी उकडलाय. बिनमिठाचा, तुमच्या आवडीचा."

"अडकलोय गं."

"कामात?"

"लिफ्टमध्ये."

"बरं झालं. मग मी मुलांना बाहेर जेवायला नेते."

अंधार पडता पडता पत्ते जुळले. दाराच्या सेन्सरच्या कोडमध्ये एक ओळ चुकली होती. ताईंनी ती दुरुस्त केली आणि साहेब घामाघूम बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकाने विचारलं, "फाईल इतकी आटोपशीर कशी?"

"सिम्बॉल वेगळे काढून जपून ठेवतो," साहेब म्हणाले. "माझीच कल्पना."

ताईंना एकदम खोकला आला.

सौदा जमला. गिऱ्हाईक खुशीत लिफ्टमध्ये शिरलं. "या ना, साहेब!"

"तुम्ही व्हा पुढे," साहेब जिन्याकडे वळत म्हणाले. "मला वजन सांभाळावं लागतं."