नालाच्या खिळ्याचा कौल

ये गं पोरी, अशी जवळ ये. भर उन्हात डोकं उघडं टाकून आलीस आणि वर मलाच विचारतेस, डोकं काहून दुखून राहिलं. सरक इकडं. तुमी शिकलेल्या पोरी कुणाचं ऐकत न्हाई, पण आज ऐक. खिळ्यांची गोष्ट हाय, आणि माझ्याच सासरची हाय.

तवा निजामाचा अंमल होता. माझं सासर कळमनुरीपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. मी नवी नवरी. घरात सासू-सासरे, माझे मालक, विधवा नणंद, मोठे दीर आणि मोठी जाऊ. तिला मी अक्का म्हणायची. अक्काच्या मांडीवर तान्हं पोरगं. त्या साली आमचा एक बैल उभ्या उभ्या पडला, मागून दुसरा पडला, आणि मग मोठ्या दिरांना तापानं धरलं. हकिमाच्या पुड्या झाल्या, पाले झाले. दिवसा ताप उतरायचा, दिवे लागले की पुन्हा चढायचा. शेवटी सासऱ्यांनी जवळा बाजाराकडून करणी बघणारा एक जाणता आणला.

माणूस बोलायला गोड. आल्या आल्या लेकराच्या गालाला हात लावला. मग म्हणाला, घरातल्या बायांनी आपण रोज तोंडाला लावतो त्याच भांड्यात पाणी घेऊन या. त्याच्या पिशवीत घोड्याच्या नालाचे खिळे होते. आमच्या एकेकीच्या भांड्यात त्यानं एक एक खिळा सोडला, भांडी देवापुढं मांडली आणि वरून कोंबड्या झाकायचं डालं पालथं घातलं. ज्या बाईच्या पाण्याला खिळा काळं करंल, तिच्या मागून ही तकलीफ घरात आली, असं त्याचं गणित.

सकाळी डालं उचललं. खिळे सारे एकाच पिशवीतले, पण एकाचं रूप दुसऱ्यासारखं न्हाई. माझ्या पेल्यात तांबूस गाळ बसला होता. नणंदेला पोटासाठी चुन्याची निवळी प्यायची सवय. तिच्या भांड्यातला खिळा तर आत्ताच लोहारानं घडवल्यासारखा लखलखीत. सासूच्या तांब्यात थोडा गंज. आणि अक्काचं मातीचं गाडगं? काजळ कालवल्यागत काळं. खिळा दिसतच नव्हता. मी वाकून बघितलं तर त्या काळ्यातून माझंच तोंड वर बघून राहिलं होतं.

जाणत्यानं आवाज चढवला न्हाई. बाजाराच्या दिवशी हिला माहेरी धाडा, म्हणाला, आणि पोरगं इथंच ठेवा. हिचं दूध आता त्याला नको.

मला वाटलं, अक्का भांडंल, रडंल. तिनं पोरगं उचलून माझ्याकडं दिलं. दुपारी पोरगं भुकेनं कळवळत होतं म्हणून मी त्याला तिच्याजवळ नेलं, तर ती भिंतीला टेकून मागं सरकली.

"त्याला आणू नको माझ्याजवळ," म्हणाली. "माझ्यात काय हाय, ते मलाच ठाव न्हाई."

तिच्या पान्ह्यानं चोळी भिजलेली, आणि हात पाठीमागं लपवलेले. तसं भ्याव मी जन्मात पुन्हा बघितलं न्हाई.

ते काळं पाणी टाकून यायचं काम माझ्याकडं आलं. घराबाहेर टाक म्हणाले, म्हणून मी गाडगं घेऊन गोठ्यामागं गेले. तिथं बाभळीच्या खोडात जू-दोर अडकवायला कवाचा एक खिळा ठोकलेला होता. पाणी ओतायला वाकले आणि हात तसाच राहिला. त्या खिळ्याखालून खोडावर ओघळ आला होता. तसाच काळा. त्या झाडाला ना नवरा आजारी, ना त्याच्या मांडीवर लेकरू.

आणि मग आठवलं. बाळंतपणानंतर अक्काचे दात हलायला लागले होते. ती रोज बाभळीच्या सालीचा काढा करून चुळा भरायची, त्याच गाडग्यात. साल याच झाडाची, मीच काढून द्यायची. मातीचं गाडगं, किती धुतलं तरी काढा पिऊन बसलेलं.

चुलीमागं मी गुपचूप साल उकळली. गुळाच्या पाण्यासारखा रंग आला. थंड झाल्यावर त्यात गोठ्यातला एक खिळा टाकला. भाकऱ्या होईस्तोवर वाटी काळी. खरं तर मला बरं वाटायला पायजे होतं. पण मी घाईनं वाटी झाकली. म्हणलं, हे तर माझ्या हातानंही होतं. मी कुणाचंही पाणी काळं करू शकते.

वाटी मी सासूला दाखवली. माझी सासू कमी बोलायची. तिनं वाटीत बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि वाटी उकिरड्यावर उलटी केली. मग बाहेर जाऊन सासऱ्यांना म्हणाली, सून धाडायची तर धाडू, पण आधी कौल पुन्हा लावा. या वेळी नुसत्या बायाच न्हाई, घरातले सारे. आणि जाणत्यानंही आपला लोटा ठेवायचा.

जाणता हसला. लोटा ठेवला. भांडी सासूनं आपल्या हातानं भरली.

दुसऱ्या सकाळी दार उघडं, गल्लीतल्या बाया ओसरीवर दाटलेल्या. डालं उचललं. सारी भांडी काळी. सासऱ्यांचा तांब्या काळा, आजारी दिरांचा पेला काळा, नणंदेचं भांडं काळं, जाणत्याचा लोटा काळा. सासूनं पाण्यात काढा कालवला ते मला ठाव होतं, तरी मी आधी माझ्याच पेल्यात वाकून बघितलं.

"आता कुणाकुणाला धाडायचं, ते सांगा," सासू म्हणाली.

जाणत्यानं लोटा रिकामा केला आणि चपला घातल्या. जाता जाता वेशीवर सांगून गेला, त्या घरचं पाणी पिऊ नका.

मी सांजेला पोरगं अक्काच्या मांडीवर ठेवलं. बराच वेळ ती हात लावंना. मग त्यानंच तोंड खुपसलं.

ताप पुढं आपोआप गेला. पण एक गोष्ट ऐक. बऱ्याच दिवसांनी, धान पाखडताना, सासूनं मला हळूच विचारलं, "माझ्या तांब्यात काढा तू घातला होतास?"

मी न्हाई म्हणाले.

"मी बी न्हाई. माझा मी कोरा ठेवला होता. मला माझं बघायचं होतं."

मी म्हणलं, आत्याबाई, साऱ्यांना काढा वाढला तो त्याच तांब्यानं असंल. व्हय, असंल, म्हणाली ती. पण मरेपर्यंत पाणी पिण्याआधी ती तांब्यात डोकावून बघायची.

अक्का घरातच राहिली, त्याच घरात म्हातारी झाली. गल्लीनं मात्र आमचं पाणी सोडलं ते सोडलंच. हळदीकुंकवाला बाया यायच्या, ओटी घ्यायच्या, आणि तांब्या पुढं केला की तहान न्हाई म्हणायच्या, भर चैतात. आता त्यातल्या कुणी उरल्या न्हाईत, पण मला अजून पाण्याला नको म्हणलेलं सोसत न्हाई. म्हणून सांगते, घरी जाशील तर जा, पण फार दिवस लावू नको. लवकर ये, दोन दिस राहा, आणि माझ्या हातचं गार पाणी पोटभर पी.